दौलताबादचा पितळी टंका

एखादा निर्णय लोकांच्या पचनी पडला नाही, की त्याला ‘तुघलकी कारभार’ हे विशेषण चिकटण्यास वेळ लागत नाही. वृत्तपत्रांची कात्रणे रोज वाचणे हा ज्याच्या कामाचाच भाग आहे अशा प्रस्तुत लेखकाला तर या दोन शब्दांची सवय झाली आहे. रस्त्याची आखणी बदलली, कार्यालय एका गावाहून दुसऱ्या गावी हलविले, नवा नमुना भरून मागितला, की तुघलकाची आठवण निघतेच. शालेय पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या ‘वेडा महंमद’ म्हणून परिचित झालेला हा सुलतान आणि त्याचे तांब्या-पितळेचे नाणे यांविषयी आपली समजूत बहुधा एवढ्यावरच थांबते. ते नाणे प्रत्यक्ष हाती घेऊन वाचले तर मात्र एक वेगळीच हकीकत समोर येते. या नाण्यांपैकी अनेक नाणी आपल्याच महाराष्ट्रात, देवगिरीच्या पायथ्याशी पाडलेली आहेत. या हकीकतीकडे लक्ष देण्यास तेवढे कारणही पुरेसे आहे.

नाणे दिसावयास साधे आहे. वाटोळे, काहीसे जाड, वजनाने सुमारे नऊ ग्रॅम. दोन्ही बाजूंना केवळ अक्षरे, चित्र कोणतेही नाही. एका बाजूस फार्सी मजकूर आहे : ‘मुहर शुद टंका-ए-राइज दर रोजगार-ए-बंदा-ए-उम्मीदवार मुहम्मद तुघलक’. मराठी वाचकाला यातील निम्मे शब्द ओळखीचे वाटतील, अर्थ मात्र जरा निराळे आहेत. ‘रोजगार’ म्हणजे येथे काळ किंवा कारकीर्द. ‘उम्मीदवार’ म्हणजे निवडणुकीस उभा राहिलेला इसम नव्हे. ईश्वरी कृपेची उमेद धरून असलेला, असा त्याचा मूळ अर्थ. तेव्हा या ओळीचा भावार्थ असा की, ‘आशावान सेवक मुहम्मद तुघलक याच्या काळात चलनी टंका म्हणून मुद्रांकित झाले’. दुसऱ्या बाजूस मध्यभागी अरबी वचन आहे. जो सुलतानाची आज्ञा पाळतो, तो परम दयाळू ईश्वराचीच आज्ञा पाळतो, असा त्याचा आशय. आणि त्याभोवती कडेने लिहिले आहे : ‘दर तख्तगाह-ए-दौलताबाद, साल बर हफ्तसद सी’, म्हणजे राजधानी दौलताबाद येथे, वर्ष सातशे तीस. हिजरी सन ७३० म्हणजे इसवी सन १३२९-३०.

सुलतानाच्या सोन्यारुप्याच्या नाण्यांवर आज्ञापालनाचा असा उपदेश आढळत नाही. सोन्याला उपदेशाची गरज नसते. ते आपल्या वजनावरच चालते. पितळेच्या तुकड्याला रुप्याचे मोल द्या असे सांगावयाचे होते, म्हणून त्यावर आज्ञा कोरावी लागली. या नाण्याचा सारा इतिहास त्या एका ओळीत सामावला आहे.

राजा आणि त्याची टांकसाळ

मुहम्मद बिन तुघलक १३२५ मध्ये दिल्लीच्या तख्तावर आला आणि १३५१ मध्ये सिंधमधील ठठ्ठ्याच्या मोहिमेवर असताना मरण पावला. तत्त्वज्ञान, तर्कशास्त्र, वैद्यक आणि काव्य यांत त्याला गती होती. त्याचे हस्ताक्षर सुंदर होते, असे त्याच्या विरोधकांनीही लिहून ठेवले आहे. त्याच्याविषयीची आपली बरीचशी माहिती झियाउद्दीन बरनी या इतिहासकाराकडून येते. बरनी सतरा वर्षांहून अधिक काळ सुलतानाच्या सहवासात होता. परंतु त्याने आपला ‘तारीख-ए-फिरोजशाही’ हा ग्रंथ १३५७ मध्ये पूर्ण केला तो वार्धक्यात, दरबारातून दूर सारला गेल्यावर आणि विपन्नावस्थेत. दुसरा इतिहासकार इसामी. त्याने १३५० च्या सुमारास दौलताबादेतच बसून, आणि तेही सुलतानाविरुद्ध बंड करून स्वतंत्र झालेल्या राजाच्या आश्रयाने लिहिले. दिल्लीहून दौलताबादेस जाण्याच्या सक्तीत त्याचे वृद्ध आजोबा वाटेतच मृत्यू पावले होते. या दोघांकडून निर्विकार साक्षीची अपेक्षा करणे कठीण. म्हणूनच नाण्यांचे महत्त्व अधिक. नाणे कोणावर रागावलेले नसते.

नाण्यांची साक्ष अशी आहे की, एवढ्या विविध प्रकारची आणि एवढी सुबक नाणी पाडणारा सुलतान दिल्लीस दुसरा झाला नाही. एडवर्ड थॉमस यांनी दिल्लीच्या सुलतानांच्या नाण्यांविषयीचा आपला ग्रंथ १८७१ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात मुहम्मद तुघलकास ‘नाणे पाडणाऱ्यांचा राजपुत्र’ असे संबोधले. त्याच्यापूर्वी सोन्याचा आणि रुप्याचा टंका जवळजवळ सारख्याच वजनाचा, सुमारे अकरा ग्रॅमचा असे. मुहम्मदाने कारकीर्दीच्या आरंभीच सुमारे तेरा ग्रॅमचा सोन्याचा दीनार आणि सुमारे नऊ ग्रॅमची रुप्याची ‘अदली’ सुरू केली. सोन्याचे वजन वाढले, रुप्याचे घटले. यामागे लहर नसून हिशेब असावा, असे नाणेशास्त्रज्ञांचे अनुमान आहे. अलाउद्दीन खलजीने १२९६ मध्ये देवगिरीवर केलेल्या स्वारीपासून दक्षिणेतील सोन्याचा ओघ दिल्लीकडे सुरू झाला होता. सोने मुबलक झाल्याने रुप्याच्या तुलनेत त्याचा भाव उतरला. रुपे मात्र भारतात फारसे निघत नाही. ते व्यापाराच्या वाटेने परदेशातून यावे लागे.

टंका हा शब्दही दक्षिणेस नवा नव्हता. देवगिरीच्या यादवांची पद्मटंक नावाची सोन्याची नाणी त्यापूर्वी येथे प्रचारात होती. मध्ये कमळ, आणि भोवती राजाचे नाव व ‘श्री’ ही अक्षरे स्वतंत्र ठशांनी उमटविलेली. आपण आजही ‘टांकसाळ’ म्हणतो आणि ‘शेकडा दहा टक्के’ म्हणतो, ते याच कुळातील शब्द आहेत. १३१८ मध्ये यादवांची सत्ता पूर्णतः संपुष्टात आली. १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने देवगिरीचे दौलताबाद केले आणि तिला राजधानीचा मान दिला. नाण्यावरील ‘तख्तगाह’ हा शब्द त्याच घटनेची नोंद आहे.

पितळेला रुप्याचे मोल

पितळी टंका काढण्याचे कारण काय? बरनीच्या मते सुलतानाला जग जिंकावयाचे होते आणि त्याच्या अमर्याद दानशूरपणामुळे खजिना रिता झाला होता. खुरासानवरील मोहिमेसाठी ३,७०,००० स्वारांची नोंद झाली व त्यांना वर्षभर वेतन दिले गेले, असा आकडा तो देतो. मोहीम प्रत्यक्षात निघालीच नाही. आकडा फुगविलेला असू शकेल. परंतु मोठी फौज, नवी राजधानी आणि दूरवर पसरलेले राज्य यांसाठी रोकड लागत होती यात शंका नाही. मात्र खजिना अगदीच रिता होता, हे बरनीचे म्हणणे पुढे घडलेल्या घटनांशी जुळत नाही. टंचाई होती ती मुख्यतः रुप्याची, असे आज अनेक अभ्यासक मानतात.

शिवाय ही कल्पना निराधार नव्हती. चीनमध्ये कुब्लाई खानाने १२६० पासून कागदी चलन यशस्वी रीतीने चालविले होते. इराणचा मंगोल राजा गैखातू याने १२९४ मध्ये तब्रीझ येथे त्याचे अनुकरण केले, तेव्हा व्यापाऱ्यांनी दुकाने बंद केली आणि थोड्याच अवधीत तो प्रयोग गुंडाळावा लागला. ही दोन्ही उदाहरणे दिल्लीच्या दरबारास ठाऊक असणे स्वाभाविक होते. मुहम्मदाने कागदाऐवजी धातू निवडला. नाण्याला सरावलेल्या लोकांना नाणेच द्यावे, हा त्यामागचा विचार असावा, आणि तो सर्वस्वी चुकीचा म्हणता येणार नाही. सुलतानाने चामड्याचेही नाणे काढले होते असे कधीकधी सांगितले जाते. उपलब्ध नाणी मात्र तांब्याची आणि पितळेची आहेत.

खरी उणीव दुसरीकडे राहिली. चीनचा कागद विशिष्ट सालीपासून बनविलेला असे, त्यावर अनेक अधिकाऱ्यांच्या मोहरा असत आणि नक्कल करणाऱ्यास देहदंड ठरलेला होता. दिल्लीच्या पितळी टंक्याला असे कोणतेही कवच नव्हते. त्याचा ठसा हाताने कोरलेला, तो ठोकावयाचाही हातानेच, हातोड्याने. जे साधन टांकसाळीत, तेच कोणत्याही सोनाराच्या किंवा तांबटाच्या घरी. धातू बाजारात मिळणारा. रुप्याच्या नाण्यात कोणी खोट केली तर सराफ कसोटीवर घासून किंवा वजन करून ती पकडू शकत असे. पितळी नाण्याला कस कशाचा लावणार? सरकारी पितळ आणि घरचे पितळ यांत कसोटीला फरक दिसत नाही. उरला मजकूर. तो वाचता येणारे लोक गावात किती असतील? शिवाय सरकारी नाणीही दिल्ली, दौलताबाद, लखनौती, सातगाव अशा परस्परांपासून शेकडो कोस दूर असलेल्या टांकसाळींत पाडली जात होती. त्यांच्या अक्षरांत थोडाफार फरक असणारच. बनावट अक्षर कोणते आणि परमुलखातील सरकारी अक्षर कोणते, हे गावच्या वसूलदाराने ठरवावे तरी कसे?

गावाने काय केले

पुढे जे घडले ते बरनीने मोठ्या आवेशाने वर्णिले आहे. घरोघरी टांकसाळी उघडल्या, लाखो-कोट्यवधी नाणी पडली, असे तो लिहितो. याचा दोष तो सरसकट हिंदूंच्या माथी मारतो. मात्र पुढच्याच ओघात प्रत्येक सोनार आपल्या दुकानात नाणी पाडू लागला, हेही सांगून जातो. लाभ दिसल्यावर धर्म पाहून कोणी थांबले असेल असे वाटत नाही.

या वर्णनातील गावपातळीवरचा भाग आपल्या वाचकांनी विशेष लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. गावोगावच्या मुखत्यारांनी आणि जमीनधारकांनी या नाण्यांत सरकारी देणे भरले. ‘मुकद्दम’ आणि ‘खूत’ ही त्या काळच्या गावप्रमुखांची नावे. मुकद्दम मराठी मुलखात पुढे चांगलाच रुजला. देणे स्वीकारण्यास सरकार नकार देऊ शकत नव्हते, कारण नाण्यावर सरकारचेच नाव होते. याच नाण्यांनी या मंडळींनी घोडे, शस्त्रे आणि उंची वस्तू खरेदी केल्या. सारा पितळेत भरावयाचा आणि घरचे रुपे जमिनीत पुरून ठेवावयाचे, हा व्यवहार ज्याला त्याला चटकन उमगला. हलके नाणे चांगल्या नाण्याला बाजारातून हुसकावते, हा सिद्धान्त पुढे सोळाव्या शतकातील इंग्रज व्यापारी ग्रेशॅम याच्या नावाने पाठ्यपुस्तकांत आला. त्याच्या दोनशे वर्षे आधी तो गंगा-यमुनेच्या दुआबात आणि गोदावरीकाठी अनुभवास आला होता.

व्यापारी अधिक सावध होते. माल घेताना पितळ द्यावयाचे, विकताना मात्र सोने-रुपे मागावयाचे. दूरच्या प्रांतांत तर टंका केवळ तांब्याच्या भावाने घेतला जाऊ लागला. जेथे सुलतानाच्या आज्ञेचा धाक होता तेथेही सोन्याच्या एका टंक्यास शंभर पितळी टंके पडू लागले. शेवटी या नाण्यांना खड्यांइतकीही किंमत उरली नाही, असे बरनी म्हणतो. ज्याने प्रामाणिकपणे, आज्ञा मानून, आपले रुपे देऊन पितळ घेतले होते, त्याचे काय झाले असेल, याविषयी मात्र तो काही लिहीत नाही. इतिहासात असे लोक फारसे नोंदले जात नाहीत.

परतफेड

आता या हकीकतीतील सर्वांत दुर्लक्षित भाग. चूक लक्षात आल्यावर सुलतानास सोपा मार्ग मोकळा होता. नाणे रद्द झाले असे जाहीर करावयाचे आणि तोटा प्रजेच्या पदरात टाकावयाचा. असे करणारे राजे पूर्वी झाले आणि नंतरही झाले. मुहम्मद तुघलकाने तसे केले नाही. ज्याच्याजवळ पितळी टंके असतील त्याने ते खजिन्यात आणून द्यावेत आणि त्याबदली सोन्या-रुप्याची जुनी नाणी घेऊन जावे, असा हुकूम त्याने काढला. लोकांनी घराच्या कोपऱ्यांत पडलेली नाणी गोळा केली आणि खजिन्याची वाट धरली. खरे कोणते आणि खोटे कोणते याची निवड करणे तोपर्यंत अशक्य झाले होते. तेव्हा घरी पाडलेल्या नाण्यांचेही दाम सरकारी खजिन्यातून चुकते झाले. परत आलेल्या पितळेचे तुघलकाबादेत डोंगराएवढे ढीग लागले, असे स्वतः बरनीच सांगतो.

दाम चुकते करण्याइतके सोने-रुपे खजिन्यात होते, याचा अर्थ तो रिता नव्हता, हे उघड आहे. ‘वेडा’ या बिरुदाचा विचार करताना ही परतफेडही हिशेबात धरली पाहिजे. मोठी चूक, आणि ती निस्तरण्यासाठी मोजलेली त्याहून मोठी किंमत, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. गिरीश कार्नाड यांच्या ‘तुघलक’ या नाटकाने, आणि विजय तेंडुलकरांनी केलेल्या त्याच्या मराठी रूपांतराने, हा गुंता आपल्या रंगभूमीवर आणला. त्या नाटकाचे आकर्षण इतके टिकून राहिले, ते या दुहेरीपणामुळेच असावे.

येथेही नाण्यांची साक्ष उपयोगी पडते. पितळी टंक्यांवर हिजरी ७३०, ७३१ आणि ७३२ एवढीच वर्षे आढळतात. म्हणजे १३३२ च्या सुमारास सारे आटोपले होते. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३३३ मध्ये सिंधू नदीवर पोहोचला, पुढे दिल्लीचा काझी झाला, दौलताबादेसही येऊन गेला. सुलतानाच्या बऱ्यावाईट कृत्यांची लांबलचक जंत्री त्याने दिली आहे. परंतु पितळी नाण्याविषयी तो अवाक्षर काढीत नाही. बाजारात त्याची आठवण जागविणारे काही उरले असते, तर असा चौकस माणूस गप्प बसता ना.

खजिन्याची झीज भरून निघाली असेल. विश्वासाची निघाली नसावी. पुढे दुष्काळ आला, एकामागून एक बंडे झाली. हिजरी ७४१ पासून, म्हणजे १३४० च्या सुमारास, सुलतानाने नाण्यांवरून आपले नाव काढून टाकले आणि तेथे कैरोच्या अब्बासी खलिफाचे नाव घातले. ज्याचे नाव घातले तो खलिफा त्या सुमारास मरणही पावला होता, आणि त्याचे नाव दिल्लीत काही काळ छापले जातच राहिले. दहा वर्षांपूर्वी ज्याने आपली आज्ञा ही ईश्वराची आज्ञा म्हणून पितळेवर कोरली, त्याला आता सोन्यावरही दुसऱ्याच्या नावाचा आधार हवासा वाटला. १३४७ मध्ये दौलताबादेतील अमिरांचे बंड यशस्वी होऊन बहमनी राज्याची स्थापना झाली आणि महाराष्ट्र दिल्लीच्या हातून निसटला. बहमनी टांकसाळीने सोन्या-रुप्याचे टंके पाडले ते पूर्ण वजनाचे.

आपल्या खिशातील टंका

आज आपण सर्वजण, त्या अर्थाने, पितळी टंकेच वापरतो. ब्रिटिश अमदानीतील रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम होते आणि त्याचा बारावा भाग वगळता बाकी सारे रुपे असे. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, रुप्याचे प्रमाण निम्म्यावर आणले गेले आणि १९४७ मध्ये निव्वळ निकेलचा रुपया आला. त्यानंतरच्या रुपयात मौल्यवान धातू नावालाही नाही. तरी चहाच्या टपरीवर तो कोणी कसोटीवर घासून पाहत नाही. काठाच्या खाचा, ठशाची सूक्ष्मता, नोटेतील जलचिन्ह आणि सुरक्षा धागा यांनी नक्कल अवघड केली आहे. सुलतानाच्या आज्ञेच्या जागी रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी सही केलेले वचन आले आहे. एक रुपयाच्या नोटेवर मात्र हे वचन नसते, कारण ती नोट बँकेची नसून भारत सरकारची असते. शाळेत अर्थशास्त्र शिकविणाऱ्या शिक्षकांनी दोन्ही नोटा विद्यार्थ्यांसमोर ठेवून हा फरक त्यांनाच शोधावयास लावावा. धडा चांगला रंगतो.

अशा जुन्या नाण्यांचे ठिकाण शेवटी जमीनच. नांगरताना, विहीर खणताना, जुन्या घराचा पाया काढताना नाण्यांनी भरलेले मडके लागते, आणि बहुतेक वेळा पहिली बातमी सरपंचांच्या किंवा ग्रामसेवकांच्या कानावर येते. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ अन्वये दहा रुपयांहून अधिक किमतीचा असा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. ठेवा गेला म्हणजे सर्वस्व गेले, अशी ग्रामीण भागात समजूत असते. वस्तुतः ठेव्यावर कोणाचा हक्क सिद्ध झाला नाही, तर अधिनियमानुसार त्याचा तीन-चतुर्थांश हिस्सा सापडणाऱ्यास आणि एक-चतुर्थांश जमिनीच्या मालकास मिळतो. शासनाने ठेवा संपादन केल्यास धातूची किंमत आणि वर तिचा एक-पंचमांश इतकी रक्कम देण्याची तरतूद आहे. लपविणाऱ्यास मात्र हिस्साही मिळत नाही आणि शिक्षेसही पात्र व्हावे लागते.

कायद्याइतकीच महत्त्वाची आणखी एक गोष्ट. सोन्या-रुप्याची नाणी बाजूला काढून तांब्या-पितळेची फेकून दिली जातात, किंवा चिंच लावून लख्ख घासली जातात. दोन्हींमुळे अपरिमित हानी होते. मडक्यात रुप्याच्या अदलीबरोबर पितळी टंका होता की नव्हता, यावरूनच त्या घराने १३३० मध्ये कोणते नाणे पुरून ठेवले आणि कोणते बाजारात खपविले, हे अभ्यासकाला कळते. तेव्हा मडके फुटलेले असले तरी खापरांसह, नाणी न धुता, न वाटता, जशीच्या तशी तहसील कार्यालयात पोहोचवावीत. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणेशास्त्राच्या संशोधनाला वाहिलेली संस्था आहे, मुंबईत रिझर्व्ह बँकेचे चलनविषयक संग्रहालय आहे. शाळेच्या सहलीत दौलताबादचा किल्ला तर असतोच. तो चढण्यापूर्वी पायथ्याशी क्षणभर थांबून, येथेच कोठेतरी त्या टांकसाळीचे हातोडे तीन वर्षे घणघणत होते, एवढे मुलांना सांगण्यास हरकत नाही.